जुनं घर पाडायच्या आधी मोजून तरी ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीतलं थोरलं घर पाडलं. सकाळी जेसीबी लावला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं सपाट, फणसाचे खांब तेवढे ट्रकात भरून गेले, कुठल्यातरी रिसॉर्टला लावणार म्हणे. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात हेच चाललंय म्हणून हे पत्र.

मातीच्या घरात ठेवण्यासारखं काय असतं असं पोरं विचारतात. अहो, कणकुंबीकडचा पाऊस, मलप्रभा तिथंच उगम पावते, तो एकदा लागला की चार महिने हटत नाही, म्हणून छपराला भरपूर उतार आणि भिंतीवर झड येऊ नये म्हणून वासे चांगले हातभर बाहेर काढलेले. खाली दगडी जोतं, त्यावर दीड हात रुंद मातीच्या भिंती, पण छपराचा भार भिंतीवर नाहीच, खांब आणि तुळयांवर, त्यामुळं एखादी भिंत खचली तरी आढं जागेवर. दारातून शिरलं की आधी गोठा, मग दोन पायऱ्या चढून सोपा, मग माजघर. रात्री बैलानं मान हलवली की घुंगरं आत ऐकू यायची. चुलीचा धूर माळ्यावरून कौलांच्या फटीतनं निघून जायचा, त्यानं लाकूड काळं पडायचं पण कीड लागत नव्हती. गॅस आला, धूर बंद झाला आणि वासे पोखरायला लागले.

ऑगस्ट 2019 च्या पुरात जिल्ह्यात मातीची कितीतरी घरं पडली आणि तेव्हापासून सगळ्यांनी धसकाच घेतलाय. पाण्यात उभी राहिलेली माती टिकत नाही हे खरंच आहे. पण आमच्याकडं पूर नव्हता तरी मागची भिंत बसली, कारण तिला बाहेरनं सिमेंटचा गिलावा केलेला, आत गेलेली ओल बाहेर पडेना आणि माती आतल्या आत कुजली. तिथं माती-शेणाचा नाहीतर चुन्याचा गिलावा असता तर भिंत वाळली असती. हे सांगणारे गवंडी आणि कौलं परतणारे आता हाताच्या बोटावर मोजण्याएवढे राहिलेत.

स्लॅबचं घर बांधू नका असं मी म्हणत नाही, दर आठवड्याला सारवण करून आमच्या आई-काकूंच्या कंबरा गेल्यात ते मी बघितलंय. एवढंच म्हणणं आहे की पाडायच्या आधी नकाशा काढा, फोटो काढा, कुठला खांब कुठल्या लाकडाचा ते लिहून ठेवा. बेळगावात आर्किटेक्चर शिकणारी मुलं आहेत, त्यांना सुट्टीत गावाकडं पाठवा, आणि तुमच्या रविवारच्या पानात दर आठवड्याला असं एक घर नकाशासकट छापा ही कळकळीची विनंती.

आमच्या गल्लीत अजून दोन घरं उभी आहेत, त्यातलं एक यंदा सुगी झाली की पाडायचं ठरलंय. कुणी टेप घेऊन येणार असेल तर राहायची-जेवायची सोय माझ्याकडं.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक वाचक