नवा कण ‘दिसला’ म्हणजे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘शास्त्रज्ञांना नवा कण दिसला’ अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. प्रत्यक्षात दिसतो तो किती वस्तुमानाच्या किती घटना नोंदल्या गेल्या, याच्या आलेखातला उंचवटा. तो कितपत भक्कम आहे, हे मात्र बातमीत क्वचितच असते.

2003 मध्ये जपानमधल्या बेल प्रयोगात बी मेसॉनच्या क्षयातून, म्हणजे तो फुटून, एक केऑन, दोन पायॉन आणि एक जे/साय निघाल्याच्या घटना (हे सगळे मेसॉन, म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांच्या जोडीचे कण) वेगळ्या काढल्या गेल्या. जे/सायही तत्क्षणी फुटतो. त्याला त्यातून निघणाऱ्या दोन म्युऑनांवरून (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) किंवा इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या जोडीवरून ओळखावे लागते. चुंबकीय क्षेत्रात मार्ग किती वळला त्यावरून संवेग कळतो, आणि कण कोणता ते ठरले की ऊर्जा. केऑन बाजूला ठेवून उरलेल्यांचे एकत्रित वस्तुमान काढले, तेव्हा 3872 मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी (हे कणांच्या वस्तुमानाचे एकक) चिंचोळा उंचवटा आला. तोच एक्स (3872). त्यात घटना होत्या जेमतेम 36. तरी दावा टिकला, कारण आजूबाजूला पार्श्वभूमी, म्हणजे असंबद्ध घटनांची गर्दी, फारच कमी होती, आणि पुढे इतर प्रयोगांनाही तो सापडला.

सगळेच उंचवटे असे टिकत नाहीत. पायॉनला केऑन समजले, तर हिशेबात 140 च्या जागी 494 वस्तुमान जाते आणि भलत्याच क्षयाच्या घटना भलत्या जागी गोळा होतात. एकमेकांशी संबंध नसलेले कण योगायोगाने जुळतात, ते वेगळेच. सगळ्यात फसवे म्हणजे आलेख बघत बघत घटना निवडण्याच्या अटी ठरवणे. म्हणून अटी पक्क्या होईपर्यंत आलेखाचा तो भाग झाकून ठेवण्याची शिस्त अनेक गट पाळतात.

थीटा-प्लस या पेंटाक्वार्कचा (पाच क्वार्कांच्या कणाचा) 1540 जवळचा उंचवटाही 2003 चाच. पाठोपाठ अनेक प्रयोगांनी दुजोरा दिला, त्यांत अमेरिकेतला क्लास प्रयोगही होता. पुढे त्याच क्लासने कितीतरी जास्त घटना गोळा केल्या, तर उंचवटा गायब!

उंचवट्याचा भक्कमपणा सिग्मा या मापात सांगतात. तीन सिग्मा म्हणजे नुसत्या योगायोगाने असा उंचवटा येण्याची शक्यता साधारण 740 मध्ये एक. पाच सिग्माला ती सुमारे 35 लाखांत एक. पण हिशेबात न धरलेली चूक या आकड्याला कळत नाही. बी मेसॉनच्या क्षयात म्युऑन आणि इलेक्ट्रॉन यांचे प्रमाण प्रचलित सिद्धांतानुसार जवळपास सारखे हवे; त्यात तफावत असल्याचे युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसीबी प्रयोगाने 2021 मध्ये 3.1 सिग्माने सांगितले, तेव्हा नव्या भौतिकीचे मथळे झळकले. 2022 च्या डिसेंबरात तफावत उरली नाही: इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेल्यांत दुसरे कण मिसळले होते. ही दुसरी बातमी किती वाचकांपर्यंत पोहोचली असेल?

तेव्हा विनंती एवढीच, की बातमीत क्षय कोणता, घटना किती, सिग्मा किती आणि दुसऱ्या स्वतंत्र प्रयोगाला तेच दिसले का, हे दोन ओळींत द्यावे.

चित्राबद्दलही थोडे. एक्स (3872) सारख्या कणाला टेट्राक्वार्क (चार क्वार्कांचा कण) म्हटले की एका गोलात चार रंगीत गोळ्या काढतात. एक्स (3872) चे वस्तुमान डी-शून्य आणि डी-तारा-शून्य या मेसॉनांच्या बेरजेशी मोजमापाच्या मर्यादेत जुळते. त्यामुळे तो दोन मेसॉनांचा सैल जोड आहे, की चार क्वार्कांचा घट्ट गोळा, की दोन्हींचे मिश्रण, हा वाद अजून मिटलेला नाही. गोळ्यांचे चित्र त्यात एक बाजू घेऊन मोकळे होते. निदान दोन्ही चित्रे शेजारी शेजारी छापावीत.

– कणभौतिकीचा एक अभ्यासक