बाबा, ते ब्राझीलला निघालेलं जहाज आमचं नव्हे

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

चार दिवस जहाजावरचं नेट बंद होतं. काल आलं आणि आईचे अकरा मिस्ड कॉल दिसले. खाली बाबांचा मेसेज, "ब्राझीलला कशाला चाललास?"

बाबा, आपल्या वाडीत तीन बाळू आहेत ना, तसं एका नावाची दोन-तीन जहाजंही असतात. नकाशावर जहाजांचे ठिपके दाखवणाऱ्या अ‍ॅपवर तुम्ही भलत्याच बाळूच्या मागे लागलात. नावाने शोधू नका, कागदावर लिहून दिलेला ७ आकडी आयएमओ नंबर टाका. मालक बदलला, झेंडा बदलला, नाव बदललं तरी भंगारात जाईपर्यंत जहाजाचा तो नंबर तोच राहतो.

आणि आई, आमचा ठिपका आफ्रिकेच्या टोकाशी थबकलेला दिसला म्हणून जेवण टाकू नकोस गं. एआयएस यंत्र दर काही सेकंदांनी आमची जागा आणि वेग रेडिओवर सांगत असतं. किनाऱ्यावरच्या अँटेनाला ते साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच ऐकू येतं. पुढे उपग्रहाला ऐकू जातं, पण ते दाखवायचे अ‍ॅपवाले पैसे मागतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी पोचलो की ठिपका परत हलेल. वेग १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किलोमीटर. सड्यावरून सायकलने उतरणारं पोरही आम्हाला मागे टाकेल!

बाबा, तुम्ही दुकानात सांगितलंत म्हणे, पोराच्या जहाजाचं वजन १ लाख ८० हजार टन. ते जहाजाचं वजन नव्हे, ते किती भार उचलतं तो आकडा. माल, इंधन, पाणी, आम्ही वीसेक माणसं आणि आईची कुळथाची पिठी, सगळं त्यात आलं. लांबी २९२ मीटर, कोकण रेल्वेच्या बारा डब्यांएवढी. रुंदी ४५. अशी जहाजं पूर्वी सुएझ-पनामा कालव्यांतून मावत नसत, आफ्रिकेच्या टोकाच्या केपला वळसा घालून जात, म्हणून केपसाईज.

होल्ड, म्हणजे माल भरायचे कप्पे, ९ आहेत, पण दक्षिण आफ्रिकेतल्या साल्डान्हा बंदरात लोहखनिज भरलं ते एकाआड एक अशा पाचांतच. खनिज भारी जड. सगळ्यांत सारखं पसरलं तर भार तळाला बसतो आणि जहाज लाटेवर हिसके देत हलतं. तळाला दगड जास्त झाले की होडी कशी करते, ते तुम्हाला मी काय सांगू?

अ‍ॅपवर 'ड्राफ्ट १८' दिसतं ना, म्हणजे जहाज १८ मीटर पाण्यात बसलंय. तो आकडा आणि जायचं बंदर यंत्राला आपोआप कळत नाही. सेकंड ऑफिसर हाताने भरतो, म्हणजे मीच. चीनमधल्या चिंगदाओला माल उतरला की ड्राफ्टच्या जागी निम्म्याच्या आसपासचा आकडा भरीन. तो दिसला की समजा, जहाज रिकामं झालं आणि माझी सुट्टी जवळ आली. आईला तेवढाच आकडा दाखवत जा, बाकीचं नको.

आगोटी जवळ आलीय. होडी वर ओढायला दोघं-तिघं बोलवा, एकटे लागू नका.

तुमचा,
बंड्या