सरळ विचारा, आणि १४४१६ हा मदतीचा नंबर भिंतीवर लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निकालाच्या दिवसांत एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी आपल्या दैनिकात पहिल्या पानावर फोटोसकट आली. चिठ्ठीतला मजकूर चौकटीत होता आणि मथळ्यात ‘कमी गुण मिळाल्याने’ असं कारणही ठरवून टाकलेलं. मी बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला मुलांची खाणावळ चालवते. त्या दुपारी जेवताना पोरांच्या हातांतून तोच पेपर फिरत होता, म्हणून लिहायला बसले. अशा बातम्या ठळक जागी छापू नयेत, पद्धत सांगू नये, फोटो टाकू नयेत, हे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय. आपल्याला ते माहीत नसेल असं कसं म्हणू?

पण माझं खरं म्हणणं पेपरवाल्यांपेक्षा आम्हा मोठ्या माणसांना आहे. ‘पोरं काही सांगतच नाहीत’ असं आईवडील म्हणतात. पोरं सांगतात, पण आडून सांगतात आणि ज्याच्या कानावर पडतं तो पुढे विचारत नाही.

चंदगड, खानापूर, निपाणीकडची मुलं इथे पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला), नीट-सीईटीच्या क्लासला येऊन खोल्या घेऊन राहतात. घर लांब, त्यात घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी आणि ऑफिसात कानडी. मुलाचं कुठे बिनसलंय ते आमच्यासारख्यांना आधी कळतं, कारण डबा न उघडता परत येतो. एकदा एक मुलगा महिन्याच्या मध्येच पैसे घेऊन आला. “मावशी, हिशोब मिटवून टाकूया.” उधारी न ठेवणारं पोर म्हणून कौतुक करावं असंच ते होतं. पण त्याच आठवड्यात त्याने टेबल-लॅम्प आणि कॅल्क्युलेटर खोलीतल्या मित्रांना देऊन टाकले होते, आणि ताटावर बसला की “नको वाटालंय” एवढंच म्हणायचा. मी त्याला आत बोलावलं, पोळ्या लाटता लाटता विचारलं, “बाळा, मरणाचे विचार येतात काय रे मनात?” बराच वेळ तो कणकेच्या परातीकडे बघत राहिला. मग मानेनेच हो म्हणाला.

असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घुसेल, ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते. ती खोटी आहे. या विषयातले डॉक्टर उलटच सांगतात, की सरळ विचारल्याने मुलाला हायसं वाटतं, मनात दाबलेलं बोलायला वाट मिळते. ‘बोलतो तो करत नाही’ हेही तितकंच खोटं. बोलला तर खरंच धरायचं.

हो म्हणाल्यावर काय करायचं? पहिल्यांदा आपण गप्प बसायचं. “आईबापानं पोटाला चिमटा काढून शिकवलंय, आणि तू असा विचार करतोस?” हे आपल्या तोंडाशी आलेलंच असतं, ते गिळायचं. आपण घरच्यांना भार झालोय असं त्या मुलाला आधीच वाटत असतं, त्यावर आपण आणखी एक ओझं कशाला ठेवायचं? “कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्या” म्हणाला तर शपथ घ्यायची नाही. “तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, मी सांगणार. पण कुणाला सांगायचं ते दोघं मिळून ठरवू,” म्हणायचं. आमच्या त्या मुलाने आत्याचं नाव घेतलं, वडिलांचं नाही. आत्या आली, वडीलही रात्रीपर्यंत पोचले. तोवर आम्ही त्याला एकटं सोडलं नाही. घरातल्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात ठेवायची, किल्ली मोठ्या माणसाकडे. सगळ्यात वाईट वेळ बऱ्याचदा थोडीच असते, आणि तेवढ्यात काही हाताशी नसलं तर जीव वाचू शकतो.

त्याच रात्री १४४१६ ला फोन लावला. टेलि-मानस ही मनाच्या त्रासात फोनवर मदत करणारी केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, आणि तिथे कानडीसारखंच मराठीतही बोलता येतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. पोरगा शिकतोय, औषध चालू आहे. यापेक्षा जास्त त्याच्याबद्दल लिहीत नाही.

डॉक्टरचं नाव काढलं की आपल्याकडे दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे ‘याला धारवाडला पाठवा’ ही थट्टा. सौंदत्तीला यल्लम्माला नवस बोलायला कुणाची ना नाही, पण येताना धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेतही जाऊन या, वाट फार वाकडी होत नाही. दुसरी गोष्ट पोलीस केसची. कुणी प्रयत्न केला असेल तर त्या भीतीने घरचे दवाखान्यातही खोटं सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारने त्याच्या उपचारांची सोय करायची. तेव्हा डॉक्टरांना खरं तेच सांगा.

देशात २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा-कॉलेज, क्लास, हॉस्टेल सगळ्यांना सांगितलं, की शंभर किंवा जास्त मुलं असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा आणि मदतीचे नंबर मोठ्या अक्षरांत दिसतील असे लावा. आमच्या भागातल्या क्लासवाल्यांच्या भिंतींवर पहिल्या आलेल्यांचे फोटो छतापर्यंत असतात. त्यांच्याखाली एका फलकापुरती जागा निघणार नाही का? फलक कुठल्या भाषेत असावा यावरून बेळगावात काय काय होतं ते नव्याने सांगायला नको. हा मात्र मराठी आणि कानडी दोन्हींत लावा, कुणी त्याला काळं फासायला येणार नाही.

माझ्या खाणावळीत हात धुवायच्या जागेवर १४४१६ लिहिलेला कागद डकवलाय. मुलं वाचतात, काही जण मोबाइलवर फोटो काढून घेतात, मी बघितलं न बघितल्यासारखं करते. आपण हे पत्र छापणार असाल तर जागेअभावी काहीही कापा, नंबर कापू नका. आणि यापुढे अशी बातमी द्यावीच लागली तर ती आतल्या पानावर द्या आणि तिच्याखाली १४४१६ ठळक छापा.

आपली,
एक खाणावळचालक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव