प्लॉट रद्द करणारा माणूस ठेव

अंबड,
जुलै

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस आणि मलाही नीट बोलता आलं नाही. मंठ्याकडून तक्रार आली, आपण विकलेलं सोयाबीनचं बियाणं विरळ उगवलं, आणि तू त्या शेतकऱ्यांना सांगितलंस की गोदामातल्या माणसाने लॉट, म्हणजे एकत्र भरलेला तो साठा, नीट पाहिला नाही, त्याला आम्ही काढून टाकलंय. हे ऐकल्यापासून मला चैन नाही. रागाने लिहीत नाही, माय. पण आपल्या बियाणं कंपनीचा कारभार आता तुझ्या हातात आहे, आणि ही गोष्ट वेळीच बोललेली बरी.

त्या शेतकऱ्याने आपल्या गोदामातल्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नाही. त्याने पिशवीवरचं नाव वाचून पैसे मोजले. एकरी तीस किलो बियाणं, खताची पोती, ट्रॅक्टरचं भाडं, आणि आता दुबार पेरणी, तीही पाऊस साथ देईल तर. त्याच्या लेखी कंपनी म्हणजे तूच. 'माझ्या माणसाची चूक झाली' हे वाक्य त्याच्या काहीच उपयोगाचं नाही, कारण तो माणूस ठेवला कोणी, हे तो लगेच विचारणार.

कायदाही त्याच्याच बाजूने बोलतो. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगून टाकलं की बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना तपासायला दिला नाही, ही सबबही तिथे चालली नाही. बरोबरच आहे. गरजेपुरतं बियाणं आणायचं आणि सगळं पेरून टाकायचं, ही शेतकऱ्याची रीत. नमुना जपून ठेवायचं काम बियाणं विकणाऱ्याचं.

आता हा लॉट बिघडला कसा, ते बघू. सोयाबीनचं साल पातळ असतं आणि कोंब सालाच्या अगदी खालीच असतो, हे तुला मी सांगायला नको. मळणीयंत्राचे फेरे कमी केले नाहीत तर तिथेच मार बसतो. माल ओला उतरवून घेतला तर पुढे गोदामात तो मरतो. गाडीतून पोतं खाली आपटलं, थप्पी उंच नेली, तरी उगवण खाली येते, आणि वरून दाणा मात्र पिवळाधमक दिसतो. म्हणजे उत्पादकाच्या खळ्यापासून पिशवी शिवेपर्यंत कितीतरी हातांमधून तो दाणा गेला. त्यातला एक हात तू धरलास आणि बाहेर काढलास. बाकीच्यांचं काय?

हमाल मुकादमाचे आहेत, आपल्या पगारावर नाहीत, असं तू म्हणशील. असू देत. पोत्यातलं बियाणं आपलं आहे. आणि बीजोत्पादकांची शेतं तपासून माल आत घेणाऱ्या क्षेत्र अधिकाऱ्यांना तू गेल्या हंगामात क्विंटलमागे जादा पैसे लावलेस, ते मला तेव्हाच खटकलं होतं. जितका माल आत येईल तितके पैसे, असं ठरलं की ओलावा बारा टक्क्यांच्या वर असलेला मालसुद्धा तो पोरगा आत घेणारच. त्याच्या घरीही खर्च आहेत. त्याने चूक केली हे खरं, पण त्या चुकीला बक्षीस कोणी लावलं होतं? पुढच्या हंगामात ते पैसे उगवणीवर लाव. मार्चमध्ये चाचणी झाल्यावर, ज्याचे लॉट पास होतील त्याला. तेवढ्या एका बदलाने अर्धी भांडणं मिटतील.

आणखी एक गोष्ट तूच बोलून गेलीस. प्रयोगशाळेतल्या मुलीने एप्रिलमध्ये लिहून दिलं होतं की या लॉटची उगवण काठावर आहे. किमान सत्तर टक्के लागते आणि हा लॉट जेमतेम तिथे होता. तिथून जून उजाडेपर्यंत तो आणखी खाली जाणार, हे त्या मुलीला कळलं होतं. मग तो कागद कोणाच्या टेबलावर थांबला? त्या मुलीला आधी बोलावून घे आणि सगळ्यांसमोर सांग की तिचं बरोबर होतं. गोदामवाल्याला काढल्याची बातमी आत फिरली असेलच. आज तुझी सगळी माणसं एकच हिशेब करत असतील, की काही बिघडलं तर बाई आपल्यालाच पुढे करणार.

मी ज्या कंपनीत क्षेत्र अधिकारी म्हणून लागलो होतो तिथे हे घडताना पाहिलंय. बाजरीच्या एका लॉटात भेसळ निघाली. मालकांनी विक्रेत्यांच्या बैठकीत एका पोराला उभं केलं आणि सगळं त्याच्यावर ढकललं. त्यानंतर आमचे तपासणी अहवाल एकदम सुधारले. बियाण्यासाठी लावलेला प्रत्येक प्लॉट उत्तम, प्रत्येक उत्पादक प्रामाणिक. शेतात मात्र भेसळ तशीच होती, फक्त ती कागदावर यायची बंद झाली. मालकाला वाटत राहिलं की धाक बसला. आम्हाला माहीत होतं की आता मालकाला काहीच दिसत नाही.

शनिवारी तू नवीन माणसांच्या मुलाखती घेणार आहेस, म्हणून खरं तर हे पत्र. बीएस्सी ॲग्री झालेली पोरं येतील, परभणीची येतील, बदनापूरची येतील. गुणपत्रिका बघच. मात्र मी सगळ्यांना एक प्रश्न विचारायचो, तो तूही विचार: आजवर कोणाचा प्लॉट बियाण्यासाठी नालायक म्हणून रद्द केलास? का केलास, आणि नंतर काय झालं? बीजोत्पादक बहुतेक वेळा गावातलं वजनदार माणूस असतं, कोणाचा तरी पाव्हणा असतो. त्याचा प्लॉट रद्द करणं म्हणजे त्याचा वरचा भाव बुडवणं. शिव्या पडतात, फोन येतात. ज्याने हे एकदा सोसलंय तो बारीक तपशील सांगतो, कोणत्या ओळीत काय दिसलं तेसुद्धा. ज्याने कधीच केलं नाही तो धोरणं सांगत बसतो. नव्याकोऱ्या पोराला हे विचारता येणार नाही, तर त्याला कुठे 'नाही' म्हणावं लागलं होतं, ते विचार.

मग त्याला खोलीतून बाहेर काढ. सध्या सोयाबीन फुलावर नाही, पण महिन्याभरात येईल, तेव्हा उमेदवारीवर घेतलेल्या प्रत्येकाला जेएस-३३५ या सोयाबीनच्या जातीच्या प्लॉटात सकाळी उतरव. तिचं फूल जांभळं. पांढरं फूल दिसलं की ते दुसऱ्या जातीचं झाड उपटायचं, एवढं सगळ्यांना तोंडपाठ असतं. तू बघायचंस ते वेगळं. ओळी संपत आल्या, ऊन चढलं, चिखल बुटाला चिकटला, तेव्हा तो शेवटच्या कोपऱ्यात जातो की बांधावरूनच वहीत 'तपासले' लिहितो? मी ज्यांना पुढे बढती दिली, ते सगळे त्या कोपऱ्यात गेलेले होते.

प्रयोगशाळेसाठी याहून सोपं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायला सांग, दहाच्या ओळीत, गुंडाळी करून ठेवायला सांग, आणि चार-पाच दिवसांनी मोजायला बोलाव. काही कोंब वाकडे निघतात, काही अर्धवट. ते धरायचे की सोडायचे, तिथे माणूस कळतो. साहेबांना कोणता आकडा आवडेल याचा अंदाज घेत जो मोजतो, तो कितीही हुशार असला तरी नको.

आणि तुझ्या आत्याचा फोन येईल, तिच्या पुतण्यासाठी. तिला मी सांगतो, तू वाईटपणा घेऊ नकोस. लायक असेल तर रांगेतून येऊ दे. जागा रिकामी राहिली तरी चालेल. त्या जागेचं काम दिवाळीपर्यंत तू स्वतः कर, अवघड जाईल, पण चुकीचा माणूस बसवून त्याच्यामागे दुसरा राखणदार ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

जालन्यात बियाण्याचा धंदा करणं साधी गोष्ट नाही, ताई. बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे १९६४ साली महिको ही बियाणं कंपनी उभी केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याच्या बियाण्यावर लांबलांबचा शेतकरी भरवसा ठेवतो. आपण त्यात फार लहान आहोत. पण आपली पिशवी विकत घेताना शेतकरी तो सगळा भरवसा आपल्याही खात्यात जमा करतो, आणि ती उधारी फेडायची जबाबदारी आता तुझी आहे.

मंठ्याला उद्याच जा. पंचायत समितीत तक्रार गेली असेल तर तालुका समिती पंचनाम्याला येईल, तिथे वकील किंवा प्रतिनिधी पाठवू नकोस, स्वतः उभी राहा. कदाचित कारण वेगळंही निघेल. पंचाहत्तर-शंभर मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरलं असेल, खोल पडलं असेल. ते समिती ठरवेल, तू तिथे ते तोंडातून काढू नकोस. राखून ठेवलेला नमुना आणि एप्रिलचा तो कागद, दोन्ही बरोबर ने आणि त्यांच्यासमोर ठेव. एप्रिलचा कागद ठेवायला मन धजणार नाही, मला माहीत आहे. तरी ठेव. आणि पंचनाम्याची वाट न बघता दुबार पेरणीचं बियाणं गाडीत घालूनच निघ, सोयाबीनची वेळ निघून चालली आहे.

काढलेल्या माणसाचं काय करायचं ते तू ठरव. त्याच्या घरी मात्र एकदा जाऊन ये, आणि त्या लॉटबद्दल त्याला नेमकं काय सांगितलं गेलं होतं ते त्याच्याच तोंडून ऐक. परत घ्यायचा की नाही ते त्यानंतर.

शनिवारी मी येणार नाही. मी बसलो की उमेदवार माझ्याकडे बघून बोलतात. माणसं तुझी, निवडही तुझी. आई विचारते आहे की मंठ्याहून येताना इकडे मुक्कामाला थांबशील का. थांबलीस तर बरं, काय झालं ते समोर बसून ऐकता येईल.

तुझे
बाबा