क्लोरीनचा वास

प्रिय सुध्या,

उत्तराला उशीर झाला, कारण फालतू आहे पण सांगतोच. परवा बाथरूम घासताना ब्लीच टाकलं, डाग निघेना म्हणून वरून अ‍ॅसिडवालं क्लीनर ओतलं, आणि दोन सेकंदात नाकात असा झणका बसला की ब्रश टाकून पळालो. क्लोरीन तयार झाला होता. (ही दोन कधी एकत्र करू नकोस रे बाबा.) रात्रभर खोकत होतो, झोप येईना, मग विषारी वायूच्या लढायांबद्दल वाचत बसलो आणि ते काही डोक्यातून जाईना.

म्हणजे बघ, एवढ्याशा वासाने माझी ही गत, आणि २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी पाच हजारांवर सिलिंडरमधून दीडशे टनांच्या वर क्लोरीन सोडला. सिलिंडर कधीचे पुरून ठेवलेले, वारा समोरच्या बाजूला वाहायची वाट बघत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला हिरवट पिवळा ढग जमिनीला चिकटून सरकत आला. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, तो खंदकातच उतरणार, म्हणजे गोळ्यांपासून लपायची जागा तीच सगळ्यात वाईट. समोर फ्रेंच आणि अल्जेरियन सैनिक, मास्क एकाकडेही नाही. पुढच्या काही दिवसांत लोक लघवीत भिजवलेलं फडकं नाकाला लावायला लागले. चारच दिवसांनी तिथे ब्रिटिश हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन उतरली, त्यातल्या जमादार (फौजेतला हुद्दा) मीर दस्तने गोळीबारात आठ ब्रिटिश आणि हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी हलवायला मदत केली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, गॅसही लागला.

हे सगळं मार्गी लावणारा जर्मन केमिस्ट फ्रिट्झ हाबर, ज्याच्या अमोनिया बनवायच्या पद्धतीवर आज जगाची खतं चालतात तोच. त्याची बायको क्लारा, स्वतः केमिस्ट्रीतली डॉक्टरेट, तिने २ मे ला त्याच्याच पिस्तुलाने जीव दिला. का, ते मी नाही ठरवत.

पण मला खरी चीड आली ती कायद्याच्या भाषेची. १८९९ ला हेगमध्ये बंदी घातली, कशावर, तर गुदमरवणारा वायू पसरवणं हाच एक उद्देश असलेल्या तोफगोळ्यांवर. मग काय, सिलिंडर म्हणजे तोफगोळा थोडाच! १९२५ चा जिनिव्हा प्रोटोकॉल आला, त्यात वापरायला बंदी, बनवायला न् साठवायला नाही. म्हणून डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या बारी बंदरात अमेरिकेचं जॉन हार्वी नावाचं जहाज मस्टर्ड गॅसचे बॉम्ब घेऊन गुपचूप उभं होतं, त्यावर जर्मन विमानांनी हल्ला केला आणि दवाखान्यात आलेल्या खलाशांच्या अंगावर फोड का उठतायत हे डॉक्टरांनाच कळेना, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बनवणं आणि साठवणं बंद व्हायला १९९३ चा करार यावा लागला, अमलात आला १९९७ ला. क्लोरीन मात्र त्यातल्या केमिकलच्या याद्यांमध्ये नाही, पाणी शुद्ध करायला लागतो ना. शस्त्र म्हणून वापरायला मनाई आहेच, पण कारखान्यात, गोदामात तो राजरोस असतो. आणि २१ एप्रिल २०१४ ला सीरियातल्या तलमनेस गावात हेलिकॉप्टरमधून पडला तो हाच. ईप्रची शंभरी भरायला एक वर्ष न् एक दिवस कमी होता.

असो. तो डाग अजून तसाच आहे. तुझं काय चाललंय ते कळव.

तुझा,
मन्या