लेहरा आता पायाशी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

माझ्या गिटारच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिलात, बरं वाटलं. आईचा प्रश्न, 'अनवाणी का वाजवतेस?' त्यावर येते. आधी बाबांचा आरोप: 'मागचं सगळं घरून रेकॉर्ड करून आणलंय.'

बाबा, घरून काहीच आणत नाही. पायाशी ती लहानशी डबी दिसते ना, ते लूप पेडल. एकदा दाबलं की गिटार त्यात भरायला लागते, परत दाबलं की तेवढा तुकडा फिरत राहतो, तिसऱ्यांदा दाबलं की त्यावर नवा थर चढतो. मी आधी गिटारच्या लाकडावर थाप देऊन ठेका भरते, मग जाड तारांवर खर्ज, मग कॉर्ड. सगळं लोकांसमोर.

तबल्याच्या सोलोला तुम्ही पेटीवर चंद्रकंस रागाचा लेहरा, म्हणजे तालाच्या एका फेरीची सुरावट, धरून बसायचात, तासभर तीच. पेडल तेच करतं, फक्त मध्ये चहा मागत नाही.

जीव जातो तो समेवर, सोळा मात्रांच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेवर. सोळावी मात्रा संपत आली म्हणून पाय आपटून चालत नाही, पुढची सम वाजते त्याच क्षणी तो पडायला हवा. मागच्या महिन्यात एका कॅफेत जरासा उशीर झाला आणि आवर्तन झालं सव्वासोळा मात्रांचं! माणूस पुढच्या आवर्तनात सावरून घेतो, हे बेटं चूकसुद्धा इमानेइतबारे परत परत वाजवतं. चार फेऱ्या लंगडत काढल्या. मग दोनदा दाबून थांबवलं, दाबून धरून पुसलं आणि 'पुन्हा करते' म्हटलं. लोक हसले. बुटातून बटण नीट कळत नाही गं आई, म्हणून अनवाणी.

खूळ नवं नाही बरं. १९७२ साली ब्रायन इनो आणि रॉबर्ट फ्रिप या इंग्रज संगीतकारांनी दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवले. एकावर भरलेली टेप पुढे दुसऱ्यावर वाजायची आणि तो आवाज फिरून पहिल्यात जायचा. तुमच्या स्पूलच्या मशीनला जोडीदार असता तर तुम्हीही करून पाहिलं असतंत.

गणपतीत येताना पेडल आणि छोटा मिक्सर आणते. पेटीपुढे माइक लावून तुमचा लेहरा एकदा भरून घेऊ. मग तुम्ही मोकळे, तबल्यावर बसा. शिकला होतात ना? दर वेळी पेटीच हातात आली.

आई, भरताना तेवढा पंखा बंद ठेव. नाहीतर त्याची खरखरही फिरत राहील.

तुमची,
छोटी