तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका

महोदय,

कराडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान आहे. नेट गेलं की धंदा बसतो, म्हणून ग्राहक सेवा केंद्राशी नेहमीचाच संबंध. पलीकडची पोरं समोरच्या पडद्यावरचे प्रश्न वाचतात; त्यांच्यावर डाफरून काही हाती लागत नाही. ‘नेट चालत नाही’ म्हटलं, की ‘राउटर बंद करून चालू करा’ हे ठरलेलंच. त्याऐवजी मी म्हणते, ‘बंद-चालू करून झालंय, एलओएसचा दिवा लाल आहे.’ राउटरवरचा हा सिग्नल तुटल्याचा दिवा लाल झाला, म्हणजे फायबर केबलमधून प्रकाशच येत नाही. हंगामात उसाच्या ट्रॉलीनं केबल ओढली, की हेच होतं. मग थेट लाइनमन पाठवतात.

तक्रार क्रमांक मात्र मागून घ्यावाच. काम झालं नाही तर ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. आमच्या कंपनीनं हे कधी आपणहून सांगितलं नाही! बिलावर ठळक छापायला काय हरकत आहे?

आणि हो, नंबर बिलावरचाच लावावा. गूगलवर शोधलेला नंबर भामट्याचाही निघतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा.

– एक दुकानदार, कराड